वर्डमधे फोटो धूसर होतायत? आधी ही सेटिंग बघा

चादरींचा कॅटलॉग वर्डमधे बनवत होतो, मोबाईलवर जेकार्डचा (विणतानाच नक्षी काढलेल्या कापडाचा) धागा न् धागा दिसत होता आणि फाईल सेव्ह करून उघडली तर चादरीवरच्या मोराची पार गोधडी झालेली! चूक फोटोची नाय, वर्ड सेव्ह करतानाच फोटो गुपचूप दाबतं म्हणजे कॉम्प्रेस करतं, डिफॉल्ट बहुतेक 220 पीपीआय (एका इंचात 220 पिक्सेल) असतं.

म्हणून फोटो टाकायच्या आधीच फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड मधे जाऊन खाली 'इमेज साईज अँड क्वालिटी' शोधा आणि 'डू नॉट कॉम्प्रेस' वर टिक करा. ही सेटिंग त्या फाईलपुरतीच असते, कायमची पाहिजे तर शेजारच्या यादीत 'ऑल न्यू डॉक्युमेंट्स' निवडा. एकदा दाबून सेव्ह झालेला फोटो मात्र परत येत नाय, ओरिजिनलच पुन्हा टाकावा लागतो.

आता फाईल फुगली आणि मेलला जाईना, तर कॉपी काढा, फोटोवर क्लिक करून 'पिक्चर फॉरमॅट' मधलं 'कॉम्प्रेस पिक्चर्स' घ्या, सगळ्या फोटोंना लावायचं तर 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर' ची टिक काढा. स्क्रीनवरच बघायचं असेल तर 150 पीपीआय पुरे. 96 वर चादर आणि टॉवेल सारखेच दिसतात राव.