शुगर लपवता लपवता

आमच्या भुसावळकडे पाहुणा आला की शेवभाजी ठरलेली, आणि मी पाहुण्यापेक्षा जास्त खाणार. शुगर तपासायच्या आधी दोन दिवस मात्र भात बंद, चहा बिनसाखरेचा. रिपोर्ट बरा यायचा, मी खूश.

मग डॉक्टरांनी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करायला लावली. आकडा ९.२, चांगलाच वाढलेला! रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटून राहते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. दोन दिवसांच्या उपासाला ही तपासणी भुलत नाही.

घरी येऊन शुगरच्या गोळ्यांची पाकिटं उलटी केली. ३० पैकी ११ तशाच. आणि मी 'गोळी लागू पडत नाही' म्हणून डॉक्टरांवर चिडलेलो!

गोळ्या आता चहापत्तीच्या डब्याशेजारी असतात, नजर चुकत नाही. जेवल्यावर २० मिनिटं चालतो. पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. मे महिन्यात रात्रीसुद्धा रस्ता तव्यासारखा, तरी निघतो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी तीनऐवजी दोन. केळं अर्धं, तेही कुरकुरत.

सहा महिन्यांनी आकडा ७.१. शेवभाजी पंधरवड्यातून एकदा. तर्री बायको वाढते, मला पळी मिळत नाही.