जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी आणल्यावर सेटअप कसा करावा

"तारा वर वाटतायत? मग ट्रस रॉड आवळ." नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब मानेच्या, आतली सळी आवळायचा हा सल्ला मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय, आणि त्यापायी बिघडलेल्या इतक्या गिटारी माझ्या टेबलावर आल्यात, की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. माझ्याकडे आज आठ इलेक्ट्रिक गिटारी आहेत. एक सोडली तर सगळ्या सेकंडहँड. प्रत्येक गिटार घरी आली तेव्हा तिचा नेक वेगळ्याच अवस्थेत होता, आणि प्रत्येकीचा सेटअप मी स्वतः केला. पहिल्या दोन बिघडवल्या, नंतरच्या सहा नीट झाल्या.

उदाहरण म्हणून स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) धरतो. १९५४ साली फेंडर कंपनीने ती बाजारात आणली, आणि आपल्याकडे सेकंडहँड बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच गिटारी तिच्याच घाटाच्या असतात. लेस पॉल, टेलिकास्टर किंवा कोलकात्यात बनलेली जुनी गिव्हसन असली तरी क्रम हाच, फक्त आकडे थोडे इकडेतिकडे.

सामान: तारांचा नवा सेट, ट्यूनर, कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा), मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, ॲलन की आणि फिलर गेज. फिलर गेज म्हणजे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात ती पात्यांची जुडी. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते, गिटारच्या दुकानात जाऊन तिला जास्त पैसे मोजू नका.

क्रम असा: तारा, ट्यूनिंग, ट्रेमोलो (बॉडीवरच्या टोकाला तारा धरणारा, हलवता येणारा ब्रिज), नेक, ॲक्शन (तारांची उंची), नट (हेडस्टॉककडच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी), पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं), इंटोनेशन (नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं). यातलं पुढचं काम आधी केलंत तर ते परत करावं लागतं, कारण मागचं प्रत्येक काम पुढच्याचं माप बदलतं.

तारा जुन्या असतील तर आधी बदला. जुन्या तारांवर काहीही मोजू नका. जो सेट तुम्ही कायम वाजवणार आहात तोच चढवा. १०-४६ चा सेट (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) नेहमीच्या ट्यूनिंगला आणला की नेकवर साधारण ४६ किलोची ओढ पडते, ९-४२ ला ३८ किलोच्या आसपास. म्हणजे नऊवरून दहावर गेलात तर नेकवर सात-आठ किलो वाढले. त्यामुळेच मापं बदलतात, गिटार "खराब" झालेली नसते.

ट्रेमोलो: मागचं झाकण काढून स्प्रिंगचे दोन स्क्रू इतके आवळा की ब्रिज बॉडीवर सपाट बसेल. फेंडरच्या मापाप्रमाणे ब्रिजची मागची कड ३.२ मिमी वर तरंगायला हवी. ते माप चांगलंच आहे, पण पहिल्या सेटअपला ते करू नका. तरंगता ब्रिज असेल तर एक तार वर-खाली केली की बाकी पाचही हलतात, आणि नेक समजून घ्यायच्या आधीच माणूस वैतागतो. व्हॅमी बार (ट्रेमोलोचा दांडा) लावून वाजवायची इच्छा असेल तर महिनाभराने तरंगता करा.

आता ट्रस रॉड

नेकच्या लाकडात आत बसवलेली पोलादी सळी म्हणजे ट्रस रॉड. गिब्सन कंपनीच्या थॅडिअस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. तारा नेकला पुढे ओढतात, सळी त्याच्या उलट ओढते. या दोघांच्या रस्सीखेचीतून नेकला किती बाक राहतो, एवढंच ती ठरवते. तारांची उंची ठरवण्यासाठी ब्रिजवर सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेखालचे छोटे ठोकळे, आहेत. ट्रस रॉड आवळला की तारा थोड्या खाली येतात हे खरं, आणि त्यामुळेच लोक फसतात.

थोडा बाक का हवा? वाजवलेली तार मध्यावर सगळ्यात जास्त हलते, टोकांना कमी. नेक अगदी सरळ असेल तर तार मधल्या हेलकाव्यात फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, घासते आणि झणझण करते. म्हणून नेकला किंचित खोलगट आकार लागतो. किती? ९.५ किंवा १२ इंच रेडियसच्या (रेडियस म्हणजे गोलाईचं माप) फिंगरबोर्डला फेंडरचं माप आहे ०.२५ मिमी.

मोजायचं कसं ते नीट बघा. गिटार ट्यून करा. वाजवताना धरता तशीच मांडीवर उभी धरा, आडवी टेबलावर टाकून मोजू नका, तिच्या स्वतःच्या वजनाने माप फसतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार, शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबा. आता ही तार म्हणजेच तुमची सरळ पट्टी झाली. आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या पोटाखाली जी फट दिसते, ती मोजायची. फिलर गेजचं ०.२५ चं पातं तिथून तार न उचलता, किंचित घासत सरकायला हवं.

फिलर गेज मिळालं नसेल तरी अडत नाही. दहाच्या सेटमधली पहिली तार ०.०१० इंच जाडीची असते, म्हणजे ०.२५४ मिमी. काढलेल्या जुन्या पहिल्या तारेचा बोटभर सरळ तुकडा कापा आणि तो आठव्या फ्रेटवर, जाड तारेखालून, आडवा सरकवा. जाड तार उचलली गेली तर फट कमी आहे. तुकडा सैलपणे हलला आणि वर उजेड दिसला तर फट जास्त आहे. तुकडा दोन्हीला टेकून घासत गेला तर ट्रस रॉडला हातही लावायचा नाही. माझ्या टूलबॉक्समध्ये असा एक तुकडा कागदी टेपला चिकटवून ठेवलेला आहे आणि फिलर गेजपेक्षा मी तोच जास्त वापरतो.

आता माझी चूक सांगतो. माझी पहिली स्ट्रॅट घरी आली तेव्हा बाराव्या फ्रेटवर तारा जवळजवळ ३ मिमी वर होत्या. मला वर दिलेलाच सल्ला मिळाला होता. मी काही मोजलं नाही, रोज थोडा थोडा रॉड आवळत गेलो. तारा खाली आल्या, मी खूश झालो. आठवड्याने पहिल्या चार फ्रेटवर प्रत्येक सूर झणझणायला लागला. मी ती एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. त्याने नेक मोजला नाही, "फ्रेट वरखाली आहेत" म्हणाला आणि सगळे फ्रेट घासून दिले. झणझण तशीच राहिली. चार महिन्यांनी मी कॅपो लावून पहिल्यांदा मापं घेतली तेव्हा आठव्या फ्रेटवर फटच नव्हती, तार फ्रेटवर टेकलेली होती. नेक उलटा, मागच्या बाजूला वाकला होता. पाऊण फेरी रॉड सैल केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार स्वच्छ वाजली. पण घासलेला फ्रेटचा धातू परत येत नाही. फ्रेट मुळात मिलिमीटरभर उंचीचे असतात. त्या गिटारीचे आता त्याहून बुटके आहेत आणि तिची तार बाजूला ओढून बेंड करताना मला दर वेळी ते जाणवतं.

म्हणून लक्षात ठेवा: पहिल्या पाच-सहा फ्रेटवर झणझण येत असेल तर आधी नेक जास्त सरळ झालाय का ते बघा. नेकचं माप बरोबर असून बाराव्याच्या पुढे येत असेल तर ॲक्शन फार खाली आहे. फक्त उघडी तार झणझणते आणि पहिला फ्रेट दाबल्यावर थांबते, तर दोष नटचा. हे तिन्ही तपासल्याशिवाय कुणालाही फ्रेट घासू देऊ नका.

रॉड फिरवायच्या आधी ॲलन की तपासा. इथे मी दुसरी गिटार बिघडवली. बऱ्याच अमेरिकन फेंडरच्या रॉडला १/८ इंचाची की लागते, म्हणजे ३.१७५ मिमी. घरातल्या सेटमधली ३ मिमीची त्यात जाते, बसल्यासारखीही वाटते, पण जोर दिला की घसरते आणि आतले सहा कोपरे गोल होतात. एकदा ते गोल झाले की काम नेक फोडण्यापर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे इंचाचा आणि मिलिमीटरचा, दोन्ही सेट घरात ठेवा, आणि जी की अजिबात न डुगडुगता पूर्ण खोलवर बसते तीच वापरा. गिब्सनला रॉडच्या षटकोनी नटावर बसणारा ५/१६ इंचाचा पोकळ पाना लागतो, हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली. पन्नाशीच्या घाटाच्या स्ट्रॅटच्या रॉडचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो, त्यासाठी तारा सैल करून नेक सोडवावा लागतो. कटकट आहे, पण पिकगार्डच्या फटीतून पेचकस तिरका घालून फिरवायचा प्रयत्न करू नका.

आता फिरवणं. रॉडच्या नटाकडे तोंड करून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो, नेक सरळ होतो, फट कमी होते. उलट फिरवलं की फट वाढते. आवळायचं असलं तरी सुरुवात किंचित सैल करून करा. वर्षानुवर्षं न हललेला नट मोकळा आहे की जाम, ते तेवढ्यात कळतं. मग एका वेळी फेरीचा आठवा भाग, म्हणजे घड्याळात बारापासून दीडपर्यंत. त्याहून जास्त नाही. परत ट्यून करा, कारण रॉड फिरला की ट्यूनिंग हमखास बदलतं. परत मोजा. मग गिटार ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ट्यून करून मोजा. लाकूड लगेच पूर्ण बसत नाही, काही नेक रात्रभर सरकत राहतात. एका बैठकीत दहा वेळा फिरवून "जमलं" म्हणणाऱ्यांची गिटार आठवड्यात परत बिघडते.

नट जोर लावूनही हलत नसेल तर थांबा. पूर्ण एक फेरी होऊनही माप तसंच असेल तर थांबा. नट पूर्ण सैल होऊनही नेक मागेच वाकलेला असेल तर एक सेट जाड तारा चढवून काही दिवस बघा. यापलीकडची गिटार जाणत्या कारागिराकडे न्या. पण "ट्रस रॉडला घरी हातच लावू नये" हेही मला मान्य नाही. ती सळी फिरवण्यासाठीच बसवलेली आहे आणि आपल्या हवेत ती फिरवावीच लागते.

बाकीची कामं

ॲक्शन: सतराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत १.६ मिमी, सॅडलच्या बारीक स्क्रूंनी. जुन्या घाटाचा ७.२५ इंच रेडियस असेल तर जाड तारा २ मिमीवर ठेवा, आणि बारीक तारा १.६ च्या खाली नेऊ नका, बेंड करताना सूर मध्येच गुदमरतो.

नट: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली की पुरे. फट जास्त असेल तर नटच्या खाचा घासाव्या लागतात, आणि त्यासाठी प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. सुईची कानस किंवा सँडपेपर घेऊन हे करू नका.

पिकअप: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला २.४ मिमी, बारीक बाजूला २ मिमी. आवाज मोठा हवा म्हणून पिकअप वर चढवू नका. चुंबक जाड तार ओढतो, आणि बाराव्या फ्रेटच्या वर एकाच तारेतून दोन सूर भांडल्यासारखे येतात.

इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे.

पावसाळा

मी ठाण्यात राहतो. जूनमध्ये हवा ओली होते तेव्हा माझ्या आठातल्या तीन-चार नेकचं माप हलतं, आणि नोव्हेंबरात ते परत फिरतं. प्रत्येक नेक सारखाच हलत नाही. म्हणून "पावसाळ्यात पाव फेरी आवळा" अशा ठोक नियमावर विश्वास ठेवू नका, मोजा. एसीच्या खोलीत ठेवलेली गिटार आणि हॉलमधल्या भिंतीवरची गिटार, एकाच घरात असून वेगळ्या वागतात. फोमची बॅग पावसाळ्यात बंद कपाटात ठेवली तर तिला बुरशी येते, तारा आणि स्क्रू गंजतात. मी जूनपासून सगळ्या गिटारी स्टँडवर उघड्या ठेवतो आणि रोज एक तरी वाजवतो.

शिसवाच्या फिंगरबोर्डला तारा बदलताना थोडं लेमन ऑइल फडक्याने लावून लगेच पुसा. लॅकर मारलेल्या मेपलला ते लावू नका. हल्ली फेंडरच्याच स्वस्त मालिकेच्या, स्क्वायरच्या, बऱ्याच गिटारींच्या वर्णनात फिंगरबोर्ड "इंडियन लॉरेल" असं लिहिलेलं असतं. तो आपल्या सह्याद्रीतला ऐन. पश्चिम घाटातलं शिसव साठीच्या दशकापासून अमेरिकन गिटारींवर जात आलंय. परदेशी शिक्क्याच्या गिटारीवर बोट फिरवताना हाताखाली आपल्या रानातलं लाकूड असू शकतं, हे कळलं तेव्हा मी ती गिटार बराच वेळ नुसती हातात धरून बसलो होतो.

गिटारी जमवणाऱ्यांसाठी आणखी दोन कामं. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, नाव लिहिलेल्या पाकिटात घालून गिटारीच्या केसमध्येच ठेवा. जुन्या गिटारीचे मूळ भाग एकदा हरवले की परत मिळत नाहीत. आणि प्रत्येक गिटारीसाठी वहीचं एक पान ठेवा: तारीख, तारांचा सेट, आठव्या फ्रेटवरची फट, सतराव्यावरची उंची, रॉड कुठल्या दिशेला किती फिरवला. पहिल्या स्ट्रॅटच्या पानावर माझ्याकडे आता दरवर्षी त्याच दोन नोंदी येतात, जूनमध्ये दीडपर्यंत आणि नोव्हेंबरात परत बारापर्यंत. त्यामुळे आता तिला सेट करायला मला दहा मिनिटं लागतात, आणि मग सकाळची वाट बघायची.