उदार साहेब व्हायचंय? मग या चुका टाळा

टीम नव्याने हातात आली की बहुतेकजण मनाशी एकच ठरवतात: आपल्या आधीच्या साहेबासारखं वागायचं नाही. तो खेकसायचा, म्हणून हे गोड बोलतात. तो चहालाही विचारायचा नाही, म्हणून हे महिन्याकाठी सगळ्यांना जेवायला नेतात. तरीही वर्षभरात चांगली माणसं राजीनामे देऊ लागतात आणि आपलं चुकलं कुठे, ते साहेबाला कळत नाही. चुकतं ते वाटपात. श्रेय, वेळ, संधी आणि खरी माहिती या गोष्टी साहेबाच्या हातात असतात. त्या कुणाच्या पदरात पडतात, यावरून टीम त्याला ओळखते.

यश 'आमचं', चूक एकाची

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. नरिमन पॉइंटच्या हेड ऑफिसात प्रेझेंटेशन छान झालं की साहेब म्हणतो, "आम्ही केलं." जिने रात्री जागून आकडे जुळवले, ती तेव्हा अंधेरीच्या ऑफिसात बसलेली असते. पुढच्या महिन्यात क्लायंट चिडला, की मात्र तिचं नाव आडनावासकट मेलमध्ये येतं.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी त्याच बनावटीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला, तेव्हा पत्रकार परिषदेसाठी त्यांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट सांगताना एक भाग हमखास सुटतो. धवन यांनी चुकीवर पांघरूण घातलं नव्हतं. बिघाड कुठे झाला याचा छडा लावला गेलाच.

वर जाणाऱ्या मेलमध्ये कुणी काय केलं ते नावानिशी लिहा. ज्याने काम केलं त्यालाच ते मांडू द्या, अडखळला तरी चालेल. चूक झाली तर वरिष्ठांपुढे "माझ्या टीमकडून झालं, मी दुरुस्त करून घेतो" एवढंच म्हणा. बाकीचं त्या माणसाशी दार लावून बोला, आणि तिथे काहीही गुळमुळीत ठेवू नका.

"पाचच मिनिटं थांबा"

मुंबईत दुसऱ्याचा वेळ घेणं म्हणजे काय, हे गाडीतून घरी जाणाऱ्या साहेबाच्या लक्षात येत नाही. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, साडेसहाला सुरू झालेली मीटिंग पवईत राहणाऱ्याला अर्धा तास उशीर करते. बदलापूरला जाणारीची मात्र ठरलेली लोकल चुकते, पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि पाळणाघरातून फोन येऊ लागतात. अशा वेळी "कॅबचे पैसे कंपनी देईल" हे औदार्य वाटतं, पण तिला पैसे नकोच असतात. पाचनंतर मीटिंग ठेवू नका. खरीच अडचण आली तर भरपाई म्हणून सुट्टी तिने मागायच्या आधी द्या.

पावसाळ्यातलं वागणं तर सगळं उघडं पाडतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी ऑफिसांत आणि रस्त्यांत अडकलेली माणसं आजही नोकरीत आहेत. तरी रेड अलर्टच्या सकाळी ग्रुपवर मेसेज येतो: "ज्यांना शक्य असेल त्यांनी यावं." यात निर्णयाचा भार सगळ्यात घाबरलेल्या माणसावर पडतो. येऊ नका म्हणायचं असेल तर पहाटेच म्हणा. विरारकराने गाडी पकडल्यावर नाही.

दुसऱ्याच्या जिवावर 'हो'

ही चूक मनाने चांगल्या माणसांची. शेजारच्या डिपार्टमेंटने मदत मागितली, हो. क्लायंटने दोन दिवस आधी मागितलं, हो. साहेबाचं नाव होतं आणि काम पडतं टीममधल्या त्याच दोघांवर, कारण ते कधी नाही म्हणत नाहीत. माझ्या मते हाही स्वार्थच आहे, फक्त तो ओळखू येत नाही. हो म्हणण्याआधी त्या दोघांच्या टेबलावरचं कोणतं काम काढून घेणार, ते ठरवा. काही काढता येत नसेल तर नकार तुम्हीच द्या, त्यांना द्यायला लावू नका.

"तू गेलास तर माझं कसं होणार?"

ऐकायला कौतुक, पण इथे माणूस अडकवला जातो. त्याला दुसऱ्या टीममध्ये बढतीची जागा मिळत असेल तर हँडओव्हरची तारीख ठरवा आणि शिफारस स्वतः लिहा.

गोड बोलून अप्रेझलला धक्का

वर्षभर "छान चाललंय" आणि एप्रिलमध्ये कमी रेटिंग, याहून मोठा विश्वासघात नाही. उणीव दिसली त्याच आठवड्यात सांगा, तीही मोघम नको: कोणता रिपोर्ट, काय राहिलं, पुढच्या वेळी काय हवं. आणि सुधारणेसाठी तुम्ही स्वतः काय मदत करणार, तेही त्याच बैठकीत ठरवा.