निक्स किंवा गीक्स टाकायच्या आधी व्हेरिएबल्सची तयारी

डेबियन, फेडोरा, लिनक्सचं कुठलंही डिस्ट्रो असो, त्यावर निक्स किंवा गीक्स हा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर टाकायचं साधन) टाकायचं ठरवलंय ना, मग इन्स्टॉलरला हात लावायच्या आधी एन्व्ह कमांड चालवा (ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्राम वाचतात ती सेटिंग्ज, दाखवते) आणि आउटपुट सॉर्ट करून एका फाइलमध्ये ठेवून द्या. नंतर काही बिघडलं की नवीन आउटपुटशी डिफ मारायचा, म्हणजे तुलना करायची, कुठलं व्हेरिएबल बदललं ते लगेच दिसतं. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं आणि एका गायब झालेल्या मेनूमागे अख्खी संध्याकाळ गेली.

त्या मेनूचं कारण एक्सडीजी डेटा डर्स (XDG_DATA_DIRS), आयकॉन आणि मेनूच्या फाइल्स कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल. हे व्हेरिएबल बऱ्याचदा रिकामंच असतं आणि रिकामं असलं की प्रोग्राम आपणहून यूएसआर लोकल शेअर आणि यूएसआर शेअर बघतात, पण तुम्ही त्यात फक्त निक्सच्या प्रोफाइलचा रस्ता टाकलात की तो डिफॉल्ट संपला, आयकॉन नाहीत, मेनूतली अर्धी ॲप्स नाहीत. म्हणून नवीन रस्ता जोडताना हे दोन्ही जुने रस्ते हाताने लिहायचेच.

मग एलडी लायब्ररी पाथ (LD_LIBRARY_PATH, लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) कुठे सेट केलाय का ते शोधा, आणि असेल तर काढा. स्टोअरमधल्या, म्हणजे निक्स किंवा गीक्स आपली पॅकेजेस ठेवतात त्या फोल्डरमधल्या, बायनरीत आपल्या लायब्ऱ्यांचे पूर्ण रस्ते आधीच कोरलेले असतात, तिला हे व्हेरिएबल लागत नाही, पण ते सेट असलं की लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ऱ्या जोडणारा) आधी तिथेच बघतो, डिस्ट्रोची लायब्ररी उचलतो आणि ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीचं हवं ते व्हर्जन सापडलं नाही म्हणून प्रोग्राम पडतो. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला ते हवंच असेल तर छोटी स्क्रिप्ट करा आणि तेवढ्यापुरतंच द्या. पायथनपाथ आणि क्यूटी प्लगइन पाथलाही हाच न्याय.

बॅशआरसी, म्हणजे बॅश शेलची सेटिंग फाइल, उघडून बघा, पाथ (कमांड कुठे शोधायच्या ती यादी) तिथे जुना न जोडता नव्याने लिहिलाय का? गीक्स शेल (निवडक पॅकेजेसचं तात्पुरतं शेल) उघडलं की बॅशआरसी परत वाचली जाते आणि त्या शेलने लावलेला पाथ पुसला जातो. अशा ओळी बॅश प्रोफाइलमध्ये हलवा, ती फक्त लॉगिनला वाचली जाते, मग गीक्स शेलला चेक ऑप्शन देऊन एकदा खात्री करा, तो नेमकं हेच तपासतो.

लोकेलसाठी (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग्ज) गीक्समध्ये ग्लिबसी लोकेल्सचं पॅकेज टाकून गीक्स लोकपाथ सेट करायचा, नुसता लोकपाथ अजिबात नाही, कारण तो डिस्ट्रोचे प्रोग्रामही वाचतात आणि वेगवेगळ्या ग्लिबसीचा लोकेल डेटा एकमेकांना चालेलच असं नाही. निक्सवाल्यांनी लोकेल आर्काइव्ह. सर्टिफिकेटसाठी एसएसएल सर्ट फाइल बरोबर जागी दाखवतेय ना तेवढं बघून घ्या.

इन्स्टॉल झाल्यावर टाइप कमांड मायनस ए लावून चालवा, एकाच नावाच्या दोन बायनरी असतील तर आधी कुठली येते ते कळेल, आणि बॅश जुनाच रस्ता लक्षात धरून बसला असेल तर हॅश मायनस आर. आणि लॉगआउट करायच्या आधी प्रोफाइल फाइल्सची कॉपी काढा, शिवाय कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर लॉगिन करून तो चालू ठेवा, डेस्कटॉप उघडलाच नाही तर तिथूनच जुनी फाइल परत ठेवता येते.