एमबीए झालं पण इंटरव्ह्यूत अडकताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समर इंटर्नशिप वाया घालवणं. ओळखीच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणायचं, सीनियरच्या ब्लॅकबुकमध्ये, म्हणजे कॉलेजला द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, कंपनीचं नाव बदलायचं आणि झालं, पण पॅनेल नेमकं तिथूनच सुरुवात करतं. एफएमसीजीचा (साबण, बिस्किटं अशा रोज खपणाऱ्या मालाचा) प्रोजेक्ट लिहिलाय ना, मग प्रायमरी सेल आणि सेकंडरी सेलमध्ये फरक काय? कंपनी डिस्ट्रिब्युटरला विकते ती प्रायमरी, डिस्ट्रिब्युटर दुकानदाराला विकतो ती सेकंडरी. व्याख्या कोणीही पाठ करेल, पण जो खरंच सेल्समनबरोबर फिरलाय तो पुढे हेही सांगतो की महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल ढकलला की तो गोडाऊनमध्येच पडून राहतो, डिस्ट्रिब्युटरचे पैसे अडकतात आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर कमी येते. हे ऐकलं की समोरच्याला लगेच कळतं, पोरगं मार्केटमध्ये जाऊन आलंय.

इंटर्नशिप वाया गेलीच असेल तर अजूनही करता येतं. जवळच्या डिस्ट्रिब्युटरला विचारून काही शनिवार सेल्समनबरोबर बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीला, जा, उधारी किती दिवसांची चालते, एक्सपायरी माल कोण परत घेतं, स्कीमचा क्लेम (दुकानदाराला दिलेल्या सवलतीचे पैसे) कंपनीकडून कधी मिळतो हे विचारा आणि वहीत लिहा.

दुसरं, रेझ्युमेवर 'अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल' लिहिता आणि टेस्टमध्ये व्हीलूकअपच, म्हणजे एका टेबलमधून कोडवरून माहिती शोधून आणणारा फॉर्म्युलाच, चुकतो. त्यातला शेवटचा पर्याय लिहिलाच नाही की एक्सेल अंदाजे जुळणारी किंमत उचलतं, उत्तर चुकतं आणि कित्येकदा एररही दिसत नाही, म्हणून तिथे फॉल्स टाकाच. कोड समोर दिसतोय तरी एनए (सापडलं नाही) असा एरर येतोय? मग एकीकडे तो नंबर आणि दुसरीकडे टेक्स्ट म्हणून सेव्ह झालाय का बघा, मागे स्पेस असेल तर ट्रिम लावा.

'टीम प्लेअर', 'हार्डवर्किंग' वगैरे काढून टाका, त्या जागी केलेलं एक काम लिहा. जीडीत (ग्रुप डिस्कशनमध्ये) आवाज चढवू नका, त्याने मार्क मिळत नाहीत.

आणि मराठी मीडियमच्या मुलामुलींनो, पाठ केलेलं इंग्रजी पहिल्याच उलटप्रश्नाला कोलमडतं हो. मुद्दे आधी मराठीत जुळवा, मग छोट्या वाक्यांत बोला. कंपनीला कस्टमरला समजेल असं बोलणारा माणूस हवा असतो, आणि तालुक्याच्या मार्केटमध्ये तर तुमची मराठी हीच तुमची ताकद आहे.

शेवटी नुसता सीटीसी, म्हणजे कंपनीने सांगितलेला वर्षाचा एकूण पगाराचा आकडा, बघून होकार देऊ नका. फिक्स किती, व्हेरिएबल किती, टार्गेट काय आणि पोस्टिंग कुठे, हे ऑफर घेण्याआधी एचआरला स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.