बालीच्या भातगावात जागा घेताना आणि राहताना या चुका टाळा

बाली बेटाच्या तबानान जिल्ह्यात जतिलुविहच्या बाजूला निघाले, की टप्प्याटप्प्याने उतरत जाणाऱ्या भातखाचरांच्या कडेला ‘दिजुआल’, म्हणजे विकणे आहे, अशा पाट्या दिसू लागतात आणि सुट्टीवर आलेल्या माणसाच्या मनात हिशेब सुरू होतो. दर ‘आरे’मागे सांगितला जातो. हा आरे म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचाच आर, १०० चौरस मीटरचा, गुंठ्याहून जेमतेम चौरस मीटरभर कमी. त्यामुळे मराठी माणसाला तो चटकन कळतो आणि पहिली चूकही तिथेच होते. परदेशी माणसाला सांगितलेला दर बहुधा भाडेपट्ट्याचा, तोही एका आराचा एका वर्षाचा असतो. १० आर जागा २५ वर्षांसाठी घ्यायची तर त्या आकड्याला २५० ने गुणावे लागते आणि प्रथेप्रमाणे सारी रक्कम करारावेळीच मोजावी लागते.

दुसऱ्याच्या नावावर जमीन

इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, व्यक्तींपैकी फक्त त्या देशाच्या नागरिकाला मिळते. यावर दलाल एक तोडगा सुचवतात: जमीन गावातल्या विश्वासू माणसाच्या नावावर, पैसे तुमचे, आणि जोडीला कर्जाचा करार व कुलमुखत्यारपत्र. सगळे नोटरीसमोर झालेले असल्यामुळे घेणारा निश्चिंत होतो. प्रत्यक्षात त्याच कायद्याचे २६ वे कलम परदेशी व्यक्तीकडे थेट किंवा आडवळणाने मालकी नेणारा व्यवहार रद्दबातल ठरवते. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. कुळकायद्याला बगल देण्यासाठी दुसऱ्याच्या नावावर घेतलेली शेती महाराष्ट्रात कशी गळ्याशी येते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको.

असा व्यवहार होऊन गेला असेल, तर ज्याच्या नावावर जमीन आहे तो माणूस हयात आणि संबंध बरे असतानाच स्वतंत्र वकिलाच्या सल्ल्याने तो उघड भाडेपट्ट्यात किंवा ‘हाक पाकाई’ या वापरहक्कात बदलता येईल का, ते पाहावे. इंडोनेशियात रीतसर वास्तव्य असलेल्या परदेशी व्यक्तीला हे दोन्ही मार्ग खुले आहेत. २०२१ च्या नियमानुसार वापरहक्क आधी ३० वर्षांचा असतो, मग २० वर्षांची वाढ आणि नूतनीकरणाने आणखी ३० वर्षे मिळू शकतात. वारसांशी गाठ पडल्यावर मात्र आपली बाजू फार लंगडी होते.

इंडोनेशियन जोडीदाराशी लग्न केलेल्यांची चूक निराळी. मालमत्ता विभक्त ठेवण्याचा करार नसेल, तर जोडीदाराची मिळकत सामाईक धरली जाते आणि त्याचा मालकीहक्कही अडचणीत येतो. हा करार लग्नानंतरही करता येतो, असा निकाल तिथल्या घटना न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेला असल्यामुळे, राहून गेले म्हणून हातावर हात धरून बसण्याचे कारण उरलेले नाही.

कागद बघितला, जमीन नाही

जमिनीचे प्रमाणपत्र स्वच्छ आहे म्हणजे घर बांधता येईल, असा अर्थ नव्हे. बालीसह आठ प्रांतांतील भातशेतीचे संरक्षित क्षेत्र डिसेंबर २०२१ मध्ये निश्चित झाले, आणि हिरव्या पट्ट्यातील खाचरात बांधकामाची परवानगी मिळत नाही. शेजारी बंगला उभा आहे, हा पुरावा धरू नये; तो बेकायदा असू शकतो. आधी तो तुकडा कोणत्या क्षेत्रात मोडतो, हे जिल्हा कार्यालयातून तपासावे, मग बयाणा द्यावा.

जुन्या घरांकडे ‘पिपिल’ नावाचा पिवळट कागद असतो. तो करभरणीचा दाखला आहे, मालकीचा नव्हे. घराचे अंगण तर पुष्कळदा ‘देसा अदात’चे, म्हणजे परंपरागत गावसंस्थेचे असते, तिथे राहणाऱ्या कुटुंबाकडे वहिवाट आणि तिच्यासोबत येणारी गावसेवा असते, विकण्याचा अधिकार नसतो. यापेक्षा हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे गहाण. शेतकरी अडीनडीला खाचर ‘गादाई’ ठेवतो, सावकार ते कसतो, आणि या तोंडी व्यवहाराचा मागमूस जमीन कार्यालयात नसतो. म्हणून मालक कोण, हे विचारण्यासोबत सध्या पेरणी कोण करतो, हे बांधावर उभे राहून विचारावे. १९६० च्याच आणखी एका कायद्याने सात वर्षे गहाण राहिलेली शेती मोबदल्याशिवाय मूळ मालकाला परत करायची असते. गावात हे किती पाळले जाते, हा वेगळा प्रश्न.

भाडेपट्ट्यात ‘मुदतवाढ बाजारभावाने’ एवढेच लिहून घेणे हीसुद्धा चूकच आहे. दर कसा ठरेल आणि मतभेद झाल्यास कोण ठरवेल, हे त्याच कागदावर हवे. भारतात निवासी करदात्याने अशी मिळकत विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावी लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

पाण्याच्या वाटेत भिंत

बालीची भातशेती ‘सुबाक’ या पाणीवाटप संस्थेवर चालते. २०१२ मध्ये तिच्या भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खानदेशात पांझरेच्या काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही. पाटात ‘तेंबुकू’ नावाचा आडवा लाकडी ओंडका बसवलेला असतो. त्याला कोरलेल्या खाचांतून पाणी फुटते आणि खाचेच्या रुंदीवरून कोणाला किती हे ठरते. एका खाचेत दगड अडकला, तरी खालची खाचरे कोरडी पडतात. नव्या मालकाने कुंपणाची भिंत घातली, पोहण्याच्या तलावासाठी पाट वळवला किंवा सांडपाणी त्यात सोडले, की भांडण एका शेजाऱ्याशी राहत नाही, साऱ्या सुबाकशी होते. पाट आपल्या हद्दीतून जात असेल, तर नकाशा काढण्याआधी ‘पकासेह’ला, म्हणजे सुबाकच्या प्रमुखाला, भेटावे आणि बांधावरून ये-जा करण्याची वाट मोकळी सोडावी. भिंत आधीच बांधून झाली असेल, तर वकिलाआधी पकासेहकडे जावे; भिंतीला मोरी पाडून मिटणारे प्रकरण कोर्टात नेण्यात शहाणपण नाही. माझे मत विचाराल, तर पावसाळ्यासह पूर्ण एक वर्ष गावात भाड्याने राहिल्याशिवाय कोणीही जागेचा विचार करू नये.

राहण्या-फिरण्यातल्या चुका

इंडोनेशियाच्या खेड्यांत वेशीवर ‘तामू वाजिब लापोर १ × २४ जाम’ अशी पाटी असते: पाहुण्याने २४ तासांत नोंद करावी. घरमालक करील, असे गृहीत न धरता पासपोर्टची प्रत घेऊन घरमालकासोबत वस्तीच्या प्रमुखाकडे जावे. भारतीयांना विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा असून एकदा ३० दिवसांनी वाढतो. मुदत संपल्यावर रोज १० लाख रुपिया दंड आहे, आणि या व्हिसावर काम करता येत नाही, मग ते योगवर्ग घेणे का असेना. दुचाकीचा वैध परवाना नसताना भाड्याची स्कूटर चालवली, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. शाकाहारींनी ‘सांबल’ या तिखट चटणीत ‘तरासी’, म्हणजे कोळंबी आंबवून केलेला लगदा, आहे का, हे दर वेळी विचारावे. टोफू-टेम्पे हे सोयाबीनचे पदार्थ मागितले म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही.

तिकिटे काढताना ‘न्यपी’ची तारीख पाहावी. हे तिथले शकवर्षाचे नववर्ष असल्यामुळे ते बहुधा गुढीपाडव्याच्या एखादा दिवस मागेपुढे येते. अधिक मास आडवा आला, तर महिन्याचे अंतर पडते. त्या दिवशी सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत विमानतळ बंद, रस्ते बंद, दुकाने बंद असतात आणि रात्री दिवाही बाहेर दिसू द्यायचा नसतो. आदल्या दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचून शिधा, पिण्याचे पाणी आणि लागणारी औषधे घरात आणून ठेवावीत.