सोलापूरच्या उन्हात चार्पी टेस्ट घेताना

मे महिन्यात आमच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४२ वर जातो आणि टेबलावरचं सॅम्पलही तितकंच तापतं. चार्पी टेस्ट म्हणजे झुलत्या हॅमरच्या एका घावात सॅम्पल तोडून त्याने किती ऊर्जा पचवली ते ज्यूलमध्ये मोजणं. साध्या कार्बन स्टीलची टेस्ट तशीच घेतली तर ज्यूलचा आकडा चांगला येतो. मी त्यावर विसंबून एका गिऱ्हाइकाची पिन पास लिहून दिली. डिसेंबरात उत्तरेकडच्या गारठ्यात ती पहिल्याच हिसक्याला तुटून परत आली.

यूटीएमवर, म्हणजे ओढून ताकद मोजायच्या मशीनवर, हळू ओढताना स्टील लांबतं, आधी कळवतं. चार्पीचा हॅमर सेकंदाला पाच-साडेपाच मीटर वेगाने येतो. त्यात थंडी आणि नॉच (मुद्दाम कापलेली खाच) यांची भर पडली की हेच स्टील ताणायच्या आत तडकतं.

सॅम्पल १० × १० × ५५ मिमी. मधोमध ४५ अंशांचा व्ही नॉच, २ मिमी खोल, तळाची त्रिज्या ०.२५ मिमी. सगळी मेहनत इथे घ्या. ब्रोच (खाच कापणारं दातेरी हत्यार) झिजला की तळ गोल होतो आणि आकडा फुगतो, म्हणून प्रत्येक नॉच प्रोफाइल प्रोजेक्टरवर (आकार मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहा. कापताना कूलंट सोडा. तापून निळं पडलेलं सॅम्पल फेकून द्या.

आता तापमान. 'रूम टेम्परेचर' म्हणजे २३ अंश, पाच कमी-जास्त. आपली शेड नव्हे. शून्य अंशावरच्या टेस्टसाठी मी थर्माकोलच्या डब्यात बर्फ-पाणी ढवळतो, सॅम्पल तळाला न टेकवता जाळीवर ठेवतो, निदान पाच मिनिटं. चिमटाही त्यातच बुडवायचा. बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत हॅमर सुटलाच पाहिजे, म्हणून आधी दोन-चार वेळा कोरडी तालीम करा.

त्याआधी सॅम्पल न ठेवता हॅमर सोडून पाहा. काटा शून्यावर यायला हवा. नॉच हॅमरच्या उलट बाजूला, ४० मिमी अंतराच्या दोन टेकूंच्या बरोबर मध्ये. जाळीचं दार लावा, कारण तुकडे उडतात. झुलता हॅमर ब्रेकनेच थांबवा, हाताने कधीच नाही.

तीन सॅम्पल तोडा, सरासरी लिहा, पण सगळ्यात कमी आकड्याकडे नीट बघा. प्रत्येक आकड्याशेजारी तापमान हवंच.

मग तुटलेला भाग उजेडात धरा. राखाडी, तंतुमय आणि कडा फाकलेल्या असतील तर स्टीलने मार पचवला. साखरेच्या दाण्यांसारखी चमक दिसली तर ते ठिसूळपणे तुटलं. त्या परत आलेल्या पिनेचं सॅम्पल मी शून्य अंशावर तोडलं, तेव्हा सगळा छेद असाच चमकत होता.